फिनिश (इंग्रजी शब्द)

फिनिश : एखादे काम किंवा क्रिया शेवटास नेणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद, आणि त्यावरून झालेले नाम. इंग्रजी-मराठी शब्दकोशांत त्याचा पहिला अर्थ बहुधा ‘संपवणे’ असा दिलेला असतो. परंतु तेवढ्यावर विसंबले तर या शब्दाचे निम्मे वाक्प्रचार हाती लागत नाहीत, कारण तो दोन दिशांनी वाढलेला आहे. एका दिशेला अखेर, शेवट आणि नाश हे अर्थ आहेत, तर दुसऱ्या दिशेला पूर्णत्व, सफाई आणि सुबकपणा हे अर्थ आहेत. कोणत्या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ धरावा हे सोबतच्या कर्मावर, अव्ययावर आणि व्यवसायावर ठरते.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘फीनिस’ म्हणजे सीमा, हद्द, शेवट यात आहे. त्यापासून ‘फीनीरे’ हे हद्द घालणे, संपवणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘फिनिर’ बनले आणि त्याच्या ‘फिनिस्स-’ या रूपावरून 14व्या शतकात इंग्रजीत आले. पॉलिश, पनिश, व्हॅनिश, अबॉलिश या क्रियापदांतील शेवटचा ‘इश’ याच फ्रेंच रूपाची खूण आहे. या घराण्याचा विस्तार मोठा आहे. फायनल, डिफाइन, कन्फाइन आणि इन्फिनिट हे शब्द तर त्यात येतातच, पण दंड या अर्थाचा ‘फाइन’ आणि ‘फायनान्स’ हेही त्यातलेच आहेत, कारण जुन्या फ्रेंचमध्ये देणे चुकते करून प्रकरण कायमचे मिटवणे ही कल्पना याच धातूने व्यक्त होत असे. उत्तम या अर्थाचा ‘फाइन’ टोकाला पोचलेले, म्हणून सर्वोच्च, या विचारातून आला. म्हणजे शेवट आणि उत्कृष्टता यांचे नाते ‘फिनिश’ इंग्रजीत येण्याआधीपासून या कुळात होते. इंग्रजीचा स्वतःचा जर्मानिक शब्द ‘एंड’ हा आहे, आणि तो आपल्या ‘अंत’ या शब्दाचा दूरचा सगोत्र आहे. फिनलंडच्या भाषेचे इंग्रजी नाव उच्चाराने सारखे असले, तरी त्याचा या शब्दाशी काहीही संबंध नाही.

व्याकरणात या क्रियापदाचे महत्त्व त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे. तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांनी 1957 मध्ये इंग्रजी क्रियापदांची कालस्वरूपानुसार जी वर्गवारी मांडली, तिच्यात ज्या क्रियेला स्वतःचा ठरलेला शेवट असतो आणि जिला तो नसतो, अशा दोन प्रकारच्या क्रिया वेगळ्या केल्या आहेत. वर्तुळ काढणे ही पहिल्या प्रकारची क्रिया होय, कारण रेघ मूळ बिंदूला येऊन मिळेपर्यंत वर्तुळ होत नाही. गाडी ढकलणे ही दुसऱ्या प्रकारची, कारण ती कोणत्याही क्षणी थांबवली तरी गाडी ढकलली गेलेलीच असते. ‘फिनिश’ हे क्रियापद सहजपणे पहिल्या प्रकारालाच लागते. वर्तुळ काढून ‘फिनिश’ करता येते. नुसते गाडी ढकलणे मात्र ‘स्टॉप’ होते, आणि त्याला ‘फिनिश’ लावायचे तर गाडी कुठवर न्यायची हे आधी मनात धरावे लागते. पत्र लिहिणे ‘स्टॉप’ केले असे म्हटले, तर ते अर्धे राहिले असण्याची शक्यता उरते. ‘फिनिश’ केले म्हटल्यावर ती उरत नाही.

दुसरा विशेष कर्माचा आहे. ‘शी फिनिश्ड द बुक’ या वाक्यात पुस्तक वाचून संपले की लिहून संपले, हे वाक्य सांगत नाही. वाचक म्हटल्यास पहिला अर्थ, लेखिका म्हटल्यास दुसरा अर्थ ऐकणारा आपणच पुरवतो. अशा वाक्यांत नामाच्या अर्थातूनच न बोललेली क्रिया कशी उभी राहते, याची मांडणी भाषावैज्ञानिक जेम्स पुस्तेयोव्स्की यांनी 1995 मध्ये केली. मराठीतही ‘तिने पुस्तक संपवले’ हे वाक्य तितकेच मोकळे आहे, मात्र आपल्याकडे ‘वाचून संपवले’, ‘लिहून काढले’, ‘वाचून टाकले’ अशी संयुक्त क्रियापदे हाताशी असल्याने संदिग्धता सहज टाळता येते. इंग्रजीत त्या जागी ‘फिनिश’पुढे ‘रीडिंग’, ‘रायटिंग’ असे रूप येते. ‘टु रीड’ हे रूप येथे चालत नाही आणि शिकणाऱ्यांकडून ती चूक वारंवार होते.

‘आय हॅव फिनिश्ड’ म्हणजे माझे काम झाले. ‘आय ॲम फिनिश्ड’ याचा अर्थ प्रसंगाने तोही होतो, परंतु त्याचा दुसरा अर्थ मी बुडालो, माझे सारे संपले असा आहे. ‘तो आता संपला’ असे एखाद्या राजकारण्याविषयी मराठीत म्हणतात, तेव्हा नेमका हाच अर्थ असतो.

पूर्णत्व आणि अखेर या दोन अर्थांमधील ताण बायबलच्या भाषांतरांत अगदी जवळून पाहता येतो. 1611 च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात क्रुसावरील येशूचे अखेरचे शब्द योहानाच्या शुभवर्तमानात (19:30) ‘इट इज फिनिश्ड’ असे आहेत. मूळ ग्रीक शब्द ‘तेतेलेस्ताय’ हा ‘तेलेओ’ या धातूचा आहे, आणि त्याचे कूळ ‘तेलोस’, म्हणजे शेवट आणि साध्य या दोहोंचे नाव. त्याच धातूचे रूप प्रेषित पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (4:7) येते, आणि तेथेही इंग्रजी भाषांतरात ‘फिनिश’च आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये मात्र या दोन जागी दोन वेगळ्या शब्दांची निवड झाली आहे : येशूच्या तोंडी ‘पूर्ण झाले आहे’, तर पौलाच्या तोंडी ‘धाव संपवली आहे’. ही निवड अत्यंत विचारपूर्वक केलेली दिसते. पहिल्या जागी ‘संपले’ हा शब्द घातला असता, तर कार्यसिद्धीचे वाक्य पराभवाचे झाले असते.

अव्यये जोडून होणाऱ्या प्रयोगांत ‘फिनिश ऑफ’ सर्वांत व्यापक आहे. उरलेले काम हातावेगळे करणे, ताटातल्या अन्नाचा फडशा पाडणे, जखमी शत्रूचा निकाल लावणे, हे तिन्ही त्यात बसतात. तिन्हींत समान गोष्ट अशी की बराचसा भाग आधीच झालेला असतो आणि उरलेल्याचाच समाचार घ्यायचा असतो. ‘फिनिश अप’ म्हणजे उरकणे, किंवा फिरत फिरत न ठरवलेल्या जागी जाऊन पोचणे. ‘फिनिश विथ’ वस्तूला लागले तर तिची गरज संपणे, व्यक्तीला लागले तर तिच्याशी संबंध तोडणे. रागाच्या भरात ‘तुझ्याशी माझे बोलणे अजून झालेले नाही’ अशी जरबही त्याने बसवतात.

नामरूपाचा उपयोग इंग्रजीत 18व्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि शर्यतींच्या मैदानाने त्याला विशेष बळ दिले. घोड्यांच्या शर्यतीत अंतिम रेषेवरचे अंतर नोज, हेड, नेक, लेंथ अशा मापांनी सांगतात. डोळ्यांना निर्णय करता येऊ नये इतके अंतर कमी असेल तेव्हा छायाचित्राचा आधार घेतात, तो ‘फोटो फिनिश’. या कॅमेऱ्यात नेहमीसारखा उघडमीट करणारा पडदा (शटर) नसतो. अंतिम रेषेवर रोखलेल्या एका अरुंद फटीमागून फिल्म सरकत राहते, त्यामुळे चित्राच्या आडव्या अंगावर जागा नसते, काळ असतो. जो आडव्या अंगावर पुढे दिसतो तो जागेने पुढे नव्हे, वेळेने आधी आलेला असतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या अंतिम धावेनंतर अमेरिकेच्या बार्नी युएलने आपणच जिंकलो असे समजून आनंद केला, पण छायाचित्राने त्याचाच देशबंधू हॅरिसन डिलर्ड याला विजयी ठरवले. धावण्याच्या नियमांत डोके, हात किंवा पाय रेषेवर आधी पोचून उपयोग नसतो. धड पोचावे लागते. क्रमांक सांगण्याचा ‘फिनिश’ही येथूनच आला. ‘फिनिश थर्ड’ म्हणजे तिसरा क्रमांक मिळवणे.

‘फाइट टु द फिनिश’ हा वाक्प्रचार हातमोज्यांविना होणाऱ्या मुष्टियुद्धाच्या काळाची आठवण देतो. त्या काळच्या ‘लंडन प्राइझ रिंग’ या नियमावलीत फेरीला वेळेची मर्यादा नव्हती. कोणी खाली पडला की फेरी संपे, आणि ठरलेल्या अवधीत जो पुन्हा उभा राहू शकला नाही तो हरे. 8 जुलै 1889 रोजी मिसिसिपीत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत या नियमांनी 75 फेऱ्या चालली. पुढे हा शब्द राजकारणात शिरला. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1916 मध्ये, तडजोडीच्या वाटाघाटी नाकारताना ब्रिटनचे युद्धमंत्री लॉइड जॉर्ज यांनी एका अमेरिकी वार्ताहराला लढाई ‘फिनिश’पर्यंत, नॉकआउटपर्यंतच चालेल असे सांगितले. 9 फेब्रुवारी 1941 च्या नभोवाणी भाषणात ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी अमेरिकेला उद्देशून, आम्हाला साधने द्या, काम आम्ही ‘फिनिश’ करू, असे म्हटले. दोन्ही वाक्ये युद्धाची असली तरी पहिल्यात शत्रूचा शेवट अभिप्रेत आहे आणि दुसऱ्यात काम तडीस नेणे.

क्रिकेटमधील ‘फिनिशर’ हा धावांचा पाठलाग करताना अखेरपर्यंत टिकून सामना जिंकून देणारा फलंदाज. 1 जानेवारी 1996 रोजी सिडनीत वेस्ट इंडीजविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चौकार मारणारा ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन हे त्याचे जुने उदाहरण होय. भारतीयांच्या मनात मात्र हा शब्द 2 एप्रिल 2011 च्या रात्री मुंबईच्या वानखेडे मैदानावर पक्का बसला. श्रीलंकेच्या 274 धावांचा पाठलाग करताना महेंद्रसिंह धोनीने कुलसेकराला षटकार मारून नाबाद 91 धावांवर विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा समालोचक रवी शास्त्री यांच्या तोंडून ‘धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल’ हे शब्द आले. नवख्या श्रोत्यालाही यातला ‘ऑफ’ आपोआप कळला.

सफाईचा अर्थ कारागिरीतून वाढला. लाकडावर रंधा मारून, पॉलिश पेपरने घासून शेवटी जो थर चढवतात तो ‘फिनिश’, आणि तो कसा दिसतो यावरून मॅट किंवा ग्लॉसी. ‘फिनिशिंग टच’ला मराठीत शेवटचा हात फिरवणे हा अगदी नेमका प्रतिशब्द आहे. युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंडमध्ये, श्रीमंत घरांतील मुलींना शिष्टाचार, भाषा आणि यजमानकी शिकवणाऱ्या ‘फिनिशिंग स्कूल’च्या नावातही हीच कल्पना आहे. 1954 मध्ये सुरू झालेले माँत्रजवळचे व्हिला पिएरफ ही त्यांपैकी टिकून राहिलेली संस्था. भारतात हे नाव नव्या पदवीधरांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या वर्गांना लावले गेले.

मराठी व्यवहारात क्रियापदापेक्षा ‘फिनिशिंग’ हे नामच अधिक खोल रुजले आहे. शिंप्याकडे काजे, बटणे, तुरपाई आणि इस्त्री मिळून फिनिशिंग होते. बांधकामात गिलाव्यावर चुनखडीचा बारीक, मऊ थर देतात त्याला नीरू म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी दरसूचीत हा मराठी शब्द ‘नीरू फिनिश’ असा जसाच्या तसा घेतलेला आहे. ‘कामाला फिनिशिंग नाही’ असे मिस्त्री म्हणतो तेव्हा काम अपुरे आहे असे त्याला म्हणायचे नसते. भिंत उभी आहे, पण कोपरा ओळंब्यात नाही, कडा सरळ उतरलेली नाही, हात फिरवला की खडबड लागते, ही त्याची तक्रार असते.