माँटगोमेरी काउंटीत शाळाप्रवेश: अर्ज अडतो तो दोन कागदांवर

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांची धावपळ जुलैपासूनच सुरू होते. रॉकव्हिल, जर्मनटाउन, गेथर्सबर्ग, क्लार्क्सबर्ग या गावांत लोक घर शोधतात ते शाळा बघूनच. मग प्रवेशाच्या वेळी कागद परत येतात. गेली काही वर्षं अशा कुटुंबांना मदत करताना माझ्या लक्षात आलं की मुलं अपात्र नसतात. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर आणि लसींच्या कार्डावर.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. इथल्या सगळ्या सरकारी शाळा एकाच संस्थेखाली येतात. शाळा दोनशेहून जास्त, विद्यार्थी दीड लाखाहून जास्त. काउंटीत राहणाऱ्या मुलाला फी नाही, देणगी नाही, मुलाखतही नाही. पालकांचा व्हिसा कोणता, हे शाळा प्रवेशासाठी विचारत नाही. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या कारणावरून मुलाला नाकारता येत नाही. मात्र पर्यटक व्हिसावर शिक्षण घेणं त्या व्हिसाच्या अटींत बसत नाही, म्हणून "आधी फिरायला येऊ, मग शाळेत घालू" हा बेत करू नका.

किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, मूल त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षांचं पूर्ण झालेलं हवं. २ सप्टेंबरचा वाढदिवस चालत नाही, त्यासाठी लवकर प्रवेशाचा वेगळा अर्ज आणि चाचणी असते.

आता पत्ता. शाळा ठरते ती घराच्या नेमक्या पत्त्यावरून. टपालाच्या पत्त्यात रॉकव्हिल लिहिलंय म्हणून शाळा रॉकव्हिलचीच मिळेल असं नाही. एकाच पिनकोडातल्या दोन गल्ल्या दोन वेगळ्या हायस्कूलला (इथं नववी ते बारावी) जाऊ शकतात. भाडेकरारावर सही करण्याआधी शाळाखात्याच्या संकेतस्थळावर घर क्रमांकासह पत्ता टाकून बघा. घरदलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

स्वतःचं घर असेल तर मालमत्ता कराचं बिल. भाड्याचं असेल तर चालू भाडेकरार, आणि करार वर्षाहून जुना असेल तर सोबत अलीकडचं वीज किंवा पाण्याचं बिल. इथवर सोपं आहे. अडचण येते ती पहिले दोन-तीन महिने मित्राकडे किंवा भावाकडे राहणाऱ्यांची. त्यांच्या नावावर करारही नसतो, बिलही नसतं, आणि "आम्ही खरंच इथं राहतो" असं सांगून भागत नाही. त्यासाठी सामायिक घराचा वेगळा फॉर्म आहे. ज्याच्या घरात राहता त्याच्या सहीनं तो नोटरी करून द्यावा लागतो. त्याच्या घराचा पुरावा आणि त्या पत्त्यावर तुमच्या नावानं आलेले कागदही जोडावे लागतात. म्हणून अमेरिकेत उतरल्याच्या पहिल्या आठवड्यातच बँकेचं खातं त्या पत्त्यावर उघडा. पगाराच्या पावतीवरही तोच पत्ता घाला. हे कागद जमायला वेळ लागतो आणि ऑगस्ट कुणासाठी थांबत नाही.

याहून कठीण प्रश्न मामा-काकांकडे राहून शिकणाऱ्या मुलांचा. आईवडील भारतात, मूल मामाकडे. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही, इथल्या नियमाला वाटतं. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाला मोफत प्रवेश मिळतो तो घरावर गंभीर आपत्ती असेल तर: पालकाचा मृत्यू, मोठं आजारपण, तुरुंगवास, सैन्यातली नेमणूक अशी कारणं कायद्यात दिली आहेत. चांगली शाळा हे कारण त्यात नाही. विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूल जास्तीत जास्त १२ महिने करता येतं आणि त्याचा पूर्ण खर्च भरावा लागतो. आठवीपर्यंत तर तेवढंही नाही. मुलाला विमानात बसवण्याआधी हे वाचा, अशी कळकळीची विनंती आहे.

दुसरा कागद लसींचा. इथं पालक सगळ्यात जास्त चिडतात, आणि मला त्यांचा राग पटतो. भारतात वेळेवर दिलेल्या लसी इथं कागदावर "अपुऱ्या" ठरतात. त्यात मुलाचा दोष नसतो, डॉक्टरचाही नसतो, दोन देशांची वेळापत्रकंच वेगळी आहेत. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथं मोजत नाहीत, पहिला वाढदिवस उलटलेला लागतो. सरकारी दवाखान्यातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची असते, त्यात गालगुंड नसतं, आणि इथं गालगुंडासह तिन्हींची एमएमआर हवी असते. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाहीच. हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस २४ आठवड्यांनंतरचा लागतो, आपल्याकडे तो बहुधा १४ व्या आठवड्यात होऊन गेलेला असतो. आणि १ एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंब धरले जात नाहीत, इंजेक्शन लागतं. सातवीपासून पुढच्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वर) याही लसी हव्यात.

म्हणून निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना ही यादी दाखवा. राहिलेल्या लसी तिथंच घ्या आणि सगळ्या तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह एका कागदावर लिहून घ्या. महिना अक्षरांत लिहायला सांगा. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, इथं ८ मे. एवढ्या एका गोष्टीवरून एका मुलीला झालेली लस पुन्हा टोचून घ्यावी लागलेली मी पाहिली आहे. काही लसी राहिल्या असतील आणि डॉक्टरांची भेट २० दिवसांच्या आत ठरलेली असेल, तर त्या भेटीच्या पुराव्यावर मुलाला तात्पुरतं वर्गात बसता येतं. ही सवलत आपणहून मागा, न मागता क्वचितच कुणी सांगतं.

पहिलीपर्यंतच्या मुलांसाठी आणखी एक दाखला लागतो, जो भारतातून आलेल्या जवळपास कुणाकडेच नसतो: रक्तातलं शिसं तपासल्याचा. इथल्या डॉक्टरांकडे साधी रक्ततपासणी करून तो मिळतो. पहिल्याच भेटीत करून टाका.

बाकी जन्मतारखेसाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला, आणि पालकाचं ओळखपत्र. शाळा सोडल्याचा दाखला जवळ असू द्या, पण हायस्कूलसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथं नववीपासूनच्या विषयवार गुणपत्रिका लागतात, कारण श्रेयांक (क्रेडिट) त्यावरून ठरतात. हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी ७५ तासांची समाजसेवा सक्तीची आहे. उशिरा आलेल्यांना तास कमी लागतात, ते समुपदेशकाकडून लेखी घ्या.

कॉलेजचं थोडक्यात. १९४६ मध्ये सुरू झालेलं माँटगोमेरी कॉलेज रॉकव्हिल, जर्मनटाउन आणि टाकोमा पार्क–सिल्व्हर स्प्रिंग इथं आहे. फीचे तीन दर आहेत: काउंटीतले, राज्यातले, बाहेरचे. स्थानिक दरासाठी वर्ग सुरू होण्याआधी किमान तीन महिने इथं कायम वास्तव्य हवं. राज्याच्या विद्यापीठांत हीच मुदत १२ महिन्यांची आहे. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि हजारो डॉलर जास्त भरतात. रॉकव्हिलमधलं युनिव्हर्सिटीज ॲट शेडी ग्रोव्ह हे वेगळं विद्यापीठ नाही. तिथं राज्यातल्या वेगवेगळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम चालतात, त्यामुळे अर्ज ज्याची पदवी हवी त्या विद्यापीठाकडे करायचा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या पालकांनी एक तारीख वहीत लिहून ठेवावी: मुलाचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतो. मूल विद्यार्थी व्हिसावर गेलं की स्थानिक फीचा दर सहसा जातो आणि शेवटच्या वर्षाचं बिल एकदम वाढतं. व्हिसाबदलाच्या अर्जाला कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा विसावं लागलं की वकिलाशी बोला.