डिजिटल ओव्हनला अंश कळत नाहीत, ओहम कळतात

दिवाळीत नानकटाई करपली की आपल्या साताऱ्यात आरोपी ठरलेले, लाईटचं व्होल्टेज नाहीतर मैदा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असलं तर दृष्ट! दृष्टीवर काय बोलणार. व्होल्टेजचं मात्र सांगतो, २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर कॉइलची पॉवर ६८ टक्क्यांवर येते, ओव्हन तापायला उशीर होतो, बास. करपतं ते हीटर वेळेवर बंद न झाल्यानं, आणि ओव्हनच्या कंट्रोल बोर्डाला तापमान सांगतो तो सेन्सर.

साध्या नॉबवाल्या ओटीजीचं, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनचं, प्रकरण वेगळं. डिजिटल ओव्हनमधे मात्र आत स्टीलची एक बारीक नळी आलेली दिसते, तिच्यात बऱ्याचदा पीटी१००० असतो, म्हणजे प्लॅटिनम, ज्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ० अंशाला १००० ओहम. खरी मजा इथंय. प्लॅटिनमचे अणू जागच्या जागी थरथरत असतात, तापले की थरथर वाढते आणि मधून जाणारे इलेक्ट्रॉन जास्त धडपडतात, राजवाड्याच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी गर्दीतनं आपण चालतो तसे. दर अंशाला साधारण ३.८५ ओहम वाढतात, वर गेल्यावर थोडे कमी कारण सूत्रात तापमानाच्या वर्गाचं एक उणे पद आहे, त्यामुळं २५ अंशाला १०९७ आणि १८० ला १६८५. बोर्ड हे ओहम मोजतो आणि त्यावरून अंश काढतो. एआयचं स्टिकर लावलेल्या ओव्हनमधेही शेवटी असलाच काहीतरी सेन्सर असतो.

आता कनेक्टर गंजून ४० ओहम वाढले तर १८० च्या आसपास ओव्हनला ११ अंश जास्त वाटतात, तो हीटर लवकर तोडतो, केक मधे कच्चा. उलट वायरचं इन्सुलेशन जळून करंट लीक झाला तर ओहम कमी दिसतात आणि करपतं.

मेकॅनिक "बोर्ड गेलाय" म्हणाला तरी आधी मल्टीमीटर, म्हणजे ओहम मोजायचं यंत्र, लावा. प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या, सेन्सर सोडवून नुसतं टोक बर्फाच्या पाण्यात धरा, १००० च्या जवळ यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० अंशाच्या १३८५ ची वाट बघू नका, सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर, इथं पाणी ९७.५ च्या आसपासच उकळतं, म्हणजे १३७५ आले तरी सेन्सर पास. महाबळेश्वरला तर १३६८. सेन्सरपाशी रीडिंग बरोबर आणि वायरच्या बोर्डाकडच्या टोकाला तेच ४०-५० ने जास्त, असं असलं तर मधला काळा पडलेला कनेक्टर बदलायचा, उष्णता सोसणारा घ्या फक्त, साधा प्लास्टिकचा वितळेल.