फेब्रुवारीत पिटूनिया का थांबतो?

इंदुरात हंगामी फुलझाडांचा खरा मोसम मार्गशीर्षापासून रंगपंचमीपर्यंतचा. गणपती विसर्जनानंतर बी पेरायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास रोपं वाफ्यात किंवा कुंड्यांत लावायची, की डिसेंबरच्या मध्यापासून पिटूनिया, पँझी, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेंड्युला, डॉग फ्लॉवर यांना बहर येतो. रामबाग असो की सुदामा नगर, जानेवारीत घराघरांपुढच्या कुंड्या बघत हिंडावं असं वाटतं. पण फेब्रुवारी अर्धा सरला की यातल्या बऱ्याच कुंड्या मलूल दिसू लागतात. फांद्या लांबतात, मधला भाग उघडा पडतो, पानं पिवळट होतात आणि फुलं मोजकीच उरतात. कुणी मोसम संपला म्हणून झाडं उपटतं, तर कुणी रोपवाटिकेतून ‘फुलांचं खत’ आणून ओतू लागतं. प्रत्यक्षात मोसमाचे अजून पाच-सहा आठवडे बाकी असतात.

पिटूनियाच्या बाबतीत तर हे फारच चुकीच्या वेळी घडतं. तो मोठ्या दिवसांकडे कल असणारा आहे. आपल्याकडे डिसेंबर अखेरचा दिवस सुमारे पावणे अकरा तासांचा असतो. एवढ्या लहान दिवसांत पिटूनिया खालून फुटवे काढतो आणि बुटका, भरीव होतो. फेब्रुवारी संपता संपता दिवस साडेअकरा तासांच्या पुढे जातो, तेव्हा त्याने खरं तर सर्वांत जास्त फुलायला हवं. तरीही तो थांबतो. त्यामागे दोन कारणं आहेत, एक बी आणि दुसरं भूक. त्यातलं बी हे जास्त मोठं कारण आहे.

वर्षायू झाड एकाच हंगामात उगवतं, फुलतं, बी देतं आणि मरतं. पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे कंद नाही, जाड खोड नाही. जे काही आहे ते बियांत उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक. पहिल्या शेंगा धरल्या की मुळांनी शोषलेलं आणि पानांनी साठवलेलं नत्र (नायट्रोजन) तिकडे वळू लागतं. वाढत्या बियांकडून संप्रेरकांचे संकेतही जातात, आणि नव्या कळ्या तयार करणारे शेंडे मंदावतात.

याचा स्वच्छ पुरावा अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपाने दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रयोगांसाठी हेच रोप सर्वाधिक वापरतात. काही फळं धरल्यावर त्याच्या दांड्याचा शेंडा कळ्या काढणं बंद करतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या रोपांत बी धरतच नाही ती कितीतरी जास्त काळ फुलत राहतात. साध्या रोपांची फळं काढून टाकली, तर तीही तशीच वागतात. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण: थांबलेल्या रोपाची फळं काढली, की त्याचे शेंडे पुन्हा कामाला लागतात. म्हणजे फेब्रुवारीत दमलेली आपली कुंडी अजून गेलेली नसते. अर्थात वयाचाही भाग आहेच. शेंडा थांबवण्यात वयानुसार बदलणाऱ्या काही जनुकांचा हात असतो, हे २०१८ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे बी रोखून झाड अमर होत नाही, पण हंगाम नक्की लांबतो.

झेंडूत तर हा प्रयोग बियाणे तयार करणाऱ्यांनीच करून ठेवला आहे. उंच आफ्रिकन झेंडूत २४ गुणसूत्रं असतात आणि बुटक्या फ्रेंच झेंडूत ४८. दोघांच्या संकरातून ३६ गुणसूत्रांचं झाड निघतं. तीन संच असल्यामुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बी धरत नाही. असा वांझ झेंडू, सुकलेली फुलं खुडली नाहीत तरी, हंगामभर न थकता फुलतो.

बी धरलं की फूलही लवकर जातं. पिटूनियाच्या फुलाचं परागण झालं, की त्यातून इथिलीन हा वायू निघू लागतो आणि पाकळ्या दोन-तीन दिवसांत मान टाकतात. परागण न झालेलं फूल आठवडाभर टिकू शकतं. परागणानंतर पाकळ्यांचं काम संपतं, मग झाड त्यांच्यातला उपयुक्त माल काढून घेतं.

म्हणून सुकलेली फुलं खुडायची. हे पुष्कळांना माहीत असतं, पण खुडताना बहुतेक जण नेमकी चूक करतात. पिटूनियाची चिकट, सुकलेली पाकळी हलकेच ओढली की हातात येते आणि झाड स्वच्छ दिसतं. पण खाली हिरव्या पेल्यात बसलेलं अंडाशय तसंच राहतं, आणि तिथे शेकडो बारीक बिया वाढत असतात. खुडायचं ते या पेल्याच्या खाली, देठासकट. पँझीच्या सुकलेल्या फुलाखाली शेंग वाढते, ती पानांत लपते, म्हणून हाताने चाचपून काढावी. कॅलेंड्युला आणि झिनियाचं ‘फूल’ म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. तो खालच्या पानाच्या जोडापर्यंत कापला, तर त्या जोडातून नवा फुटवा येतो. डॉग फ्लॉवरचा तुरा खालून वर फुलत जातो. तो दोन-तृतीयांश झाला की बाजूच्या फुटव्याच्या वरून कापून फुलदाणीत ठेवा. मागून आलेले तुरे थोडे लहान असतील, पण येतील. लार्कस्परला मात्र हे फारसं लागू पडत नाही. तो मुख्यतः एकच मोठा बहर देतो. त्याचं बी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा पेरणं हाच उपाय.

फेब्रुवारीतल्या लांबलेल्या पिटूनियाला एवढ्याने भागत नाही. त्याच्या सगळ्या फांद्या एक-तृतीयांश कापायला हव्यात. फुललेलं झाड कापायला हात धजत नाही, हे मी समजू शकते. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं, हे १९३३ साली केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून दाखवलं. वाटाण्यावर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्यात भर घातली: शेंडा गेल्यावर त्याच्याकडे ओढली जाणारी साखर बाजूच्या डोळ्यांना मिळते, आणि त्यांना जागं करणारी पहिली गोष्ट ती साखरच असते. कापल्यावर कुंडी आठ-दहा दिवस बोडकी दिसते. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा भरलेली असते. दिवाळीत रोपाला सहा-सात पानं असताना शेंडा खुडतात त्यामागेही हेच शास्त्र आहे.

आता भुकेकडे वळू. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश). ‘फुलांसाठी स्फुरद’ हा समज इतका पक्का आहे, की लोक १२:६१:०० आणतात, डीएपीचे दाणे पेरतात, हाडांचा चुरा घालतात. पण फुलझाडाचं पान वाळवून तपासलं तर त्यात नत्र साधारण ३ ते ४ टक्के असतं, पालाशही जवळपास तेवढंच, आणि फॉस्फरस जेमतेम ०.३ ते ०.५ टक्के. झाडाला तो नत्राच्या साधारण दहाव्या हिश्शाने लागतो. फूल आलं म्हणून ही गरज पाच पटीने वाढत नाही. स्फुरदाची कमतरता असेल तर ते द्यावंच, पण पुरेसं असताना आणखी दिल्याने जास्त फुलं येत नाहीत. उलट ते लोह आणि जस्त अडवतं. आपल्या मातीत हे दोघे आधीच अडचणीत असतात.

माळव्याची काळी माती बेसाल्ट झिजून झाली आहे. तिच्यातली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत निव्वळ काळी माती भरली, तर एक दिवस पाणी चुकल्यावर कडेने फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू, एक वाटा चांगलं कुजलेलं खत हे मिश्रण बरं. या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, त्यात बोअरवेलचं जड पाणी पडलं की कुंडीत तो आणखी वर सरकतो. अशा अल्कधर्मी मातीत लोह भरपूर असूनही विरघळत नाही. पिटूनिया, पँझी आणि डॉग फ्लॉवर यांची मुळं ते सोडवून घेण्यात कच्ची आहेत.

म्हणून पिवळेपणा पाहताना कोणतं पान पिवळं आहे ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील, तर नत्र कमी आहे. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांकडे पाठवू शकतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी आहे. लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही. या दुसऱ्या पिवळेपणावर कितीही युरिया घाला, उपयोग होणार नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतून द्यायचं तर लोहाचं कोणतं चिलेट, म्हणजे लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, घेतो ते पाहा. स्वस्त ईडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं, ईडीडीएचए मात्र नऊपर्यंत धरून ठेवतं. दुसरं महाग असतं, पण काळ्या मातीत चालतं तेच.

खतांबद्दल बोलताना इंदूरकरांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. कंपोस्टची जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’ इथल्याच मातीत आकाराला आली. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांच्यासोबत रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे यशवंत वाड होते, आणि १९३१ साली दोघांनी मिळून ही पद्धत जगापुढे मांडली. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक अंतराने ढीग उलटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होतं. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, वाड यांचं फार कमी. ते अधिक घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

तरी हंगामी फुलांना हे खत एकटं पुरत नाही, त्याचं कारण आपल्या हवेत आहे. ‘शब-ए-माळवा’ म्हणून ज्या थंड रात्रींचं कौतुक होतं, त्या फुलांना फार मानवतात. थंडीत झाडाचं श्वसन मंदावतं, दिवसा तयार केलेली साखर शिल्लक राहते, फुलं मोठी आणि टिकाऊ होतात. पण त्याच थंडीत मातीतले जिवाणूही मंदावतात. कंपोस्टमधलं नत्र मोकळं करायचं आणि त्याचं नायट्रेट बनवायचं काम तेच करतात. जानेवारीत झाडाची मागणी सर्वांत जास्त असते, आणि पुरवठा नेमका तेव्हाच आटतो. इथे पातळ खताची जोड लागते. १९:१९:१९ मिळत असेल तर लिटरभर पाण्यात १ ग्रॅम. त्यातून लिटरमागे १९० मिलिग्रॅम नत्र मिळतं, तेवढं पुष्कळ झालं. दहा इंची कुंडीला आठवड्यातून एकदा अर्धा लिटर. दोन आठवड्यांनंतर मध्ये एकदा त्याऐवजी १३:००:४५ द्या, कारण त्यातलं नत्र नायट्रेट रूपातच असतं आणि गार मातीतही मुळांना लगेच मिळतं. महिन्यातून एकदा मूठभर खत टाकण्यापेक्षा दर आठवड्याला थोडंसं देणं केव्हाही चांगलं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसू लागली, तर खत थांबवून साध्या पाण्याने कुंडी खालून वाहेपर्यंत धुऊन काढा. नॅस्टर्शियम आणि कॉसमॉसना यातलं जवळपास काहीच नको. त्यांना खाऊ घातलं की नुसती पानंच माजतात.

मार्चच्या मध्यानंतर दुपारचा पारा पस्तिशीकडे जाऊ लागला, की पँझी आधी जाते, मग फ्लॉक्स. तेव्हा खुडणं थांबवा आणि बी धरू द्या. कॅलेंड्युला, लार्कस्पर, साधा फ्लॉक्स यांचं बी घरी जमवण्यासारखं आहे. फ्लॉक्सची बोंडं तडकून बी उडतं, म्हणून ती तपकिरी होताच काढून कागदी पिशवीत वाळवा. पिटूनिया आणि पँझीची रोपवाटिकेतली रोपं बहुधा एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीची संकरित असतात. त्यांच्या बियांतून आईसारखी झाडं येत नाहीत, त्यामुळे ती दरवर्षी नवी आणावी लागतात. रिकाम्या झालेल्या कुंड्यांतली माती मोकळी करून एप्रिलमध्ये चिनी गुलाब (पोर्टुलाका) आणि झिनिया लावा. आपल्या उन्हाळ्यात तग धरून फुलणारे हेच दोन भरवशाचे.