कपाशीच्या पानातला उजेड: रिपोर्टर जीनची पार्श्वभूमी

जालना-परभणीच्या काळ्या रानात उभ्या असलेल्या बोलगार्ड-२ कपाशीत बोंडअळीविरुद्धच्या जीनसोबत आणखी एक जीन असतो: गस, म्हणजे रिपोर्टर, खूण दाखवणारा जीन. भारतात २००६ साली मंजूर झालेल्या या कपाशीत तो घातला गेला तो बाहेरचा जीन रोपात शिरला की नाही, हे ओळखण्यासाठी. मात्र तपासायचं तर पानाचा तुकडा एक्स-ग्लुक या रसायनाच्या द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचा, ७० टक्के अल्कोहोलने हरितद्रव्य काढायचं, मग निळा रंग दिसतो. तोवर तुकडा मेलेला. जीन दिवसात कधी चालू होतो, कधी थांबतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी उजेडच हवा.

काजव्याचा उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेज या एन्झाइमचा जीन १९८५ मध्ये हाती आला आणि १९८६ मध्ये त्याने तंबाखूचं रोप उजळलं. जेलीफिशचं हिरवं प्रथिन, जीएफपी, १९६२ पासून माहीत होतं. त्याचा जीन १९९२ चा. १९९४ मध्ये जिवाणूत आणि सूत्रकृमीत तो वेगळं रसायन न घालता दिसला, आणि २००८ च्या नोबेलनंतर काजवा उगाच मागे पडला.

खरा घोळ 'चमकतो' या शब्दाचा आहे. काजव्याची ती जीवदीप्ती: ल्युसिफेरिन (ल्युसिफरेजचं इंधन), एटीपी (पेशीतली ऊर्जा), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन यांच्या क्रियेतून उजेड आतूनच येतो. जीएफपीची ती प्रतिदीप्ती: आजच्या सुधारित रूपावर ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला तर ५०९ च्या आसपासचा हिरवा परत मिळतो. अंधारात ते काळंच. जेलीफिशमध्ये मात्र दोन्ही एकत्र नांदतात. कॅल्शियम मिळताच इक्वोरिन हे दुसरं प्रथिन ऊर्जा मोकळी करतं, शेजारचं जीएफपी ती घेऊन हिरवं दिसतं. म्हणून एकच शब्द दोघांना चिकटला.

पानात हा फरक महागात पडतो. निळ्या प्रकाशाने हरितद्रव्यही ६८० च्या आसपास लाल दिसतं, पेशीभित्तिकाही थोडी उजळते. ठरावीक लांबीपुढचा सगळा प्रकाश आत घेणारा लाँगपास फिल्टर लावला तर हे सगळं मिसळतं. फक्त ५०० ते ५३० नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडणारा बँडपास हवा, आणि रिपोर्टर नसलेलं पान त्याच एक्सपोजरवर टिपलेलं हवं. शिवाय मूळ जीएफपी जीनमधला ८४ अक्षरांचा तुकडा अ‍ॅराबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं छोटं रोप इंट्रॉन (जीनमधला काढून टाकायचा भाग) समजून कापून टाकत असे. प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, ठणठणीत, तरी उजेड नाही. कोडॉन (जीनमधले तीन-तीन अक्षरांचे शब्द) बदललेलं रूप १९९७ मध्ये आलं.

ल्युसिफरेजला पार्श्वभूमीचा उजेड जवळजवळ नसतो, पण त्याची पथ्यं आहेत. १ मिलिमोलर ल्युसिफेरिन ०.०१ टक्के ट्रायटन या साबणासारख्या द्रव्यासह फवारावं आणि कॅमेरा लावण्यापूर्वी पाच मिनिटं रोप अंधारात ठेवावं, कारण हरितद्रव्य दिवा विझल्यावरही थोडा वेळ मंद प्रकाश सोडतं. हे एन्झाइम ४२ अंशांना झपाट्याने निकामी होतं. मे महिन्यात मराठवाड्यात वीज गेली आणि खोली तापली, तर जीन बंद झाल्याचा भास होतो. आणि मोजणीच्या आदल्या दिवशी ल्युसिफेरिनची एक फवारणी करावीच. आधीपासून साठलेलं ल्युसिफरेज तिने खर्ची पडतं. नाहीतर पहिला आकडा अनेक दिवसांच्या साठ्याचा निघतो, त्या तासाचा नाही.