ड्रॅगनस्वारांची गोष्ट दुसऱ्या भागात का अडखळते?

७ नोव्हेंबर २०२३ या एकाच दिवशी ड्रॅगनस्वारांच्या दोन गाजलेल्या मालिकांची नवी पुस्तकं बाजारात आली. एक रिबेका यारोस यांचं ‘आयर्न फ्लेम’, म्हणजे ‘फोर्थ विंग’चा पुढचा भाग. दुसरं ‘मर्टॅग’. ‘एरॅगॉन’च्या जगातली नवी कादंबरी घेऊन क्रिस्टोफर पाओलिनी बारा वर्षांनी परतले. ‘आयर्न फ्लेम’वरून वाचकांत लगेच दोन तट पडले. पहिल्या भागातली ओढ यात नाही, असं काहींचं म्हणणं. तर काहींच्या मते गोष्ट खरी आता सुरू झाली. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. मात्र हा वाद या पुस्तकाबरोबर जन्मलेला नाही. ज्या प्रकारच्या कथेत तो पुन्हा पुन्हा उफाळतो, त्या कथेच्या घडणीतच त्याचं मूळ आहे.

ही घडण आज ज्या रूपात ओळखीची आहे, ती प्रामुख्याने ॲन मॅकॅफ्री यांची देणगी. ऑक्टोबर १९६७च्या ‘ॲनालॉग’ मासिकात त्यांची ‘वेअर सर्च’ ही दीर्घकथा आली. पर्न नावाच्या ग्रहावर ड्रॅगनचं अंडं फुटतं, पिल्लू समोरच्या माणसांतून एकाला निवडतं आणि त्या क्षणापासून दोघांची मनं जोडली जातात, ती मरेपर्यंत. या कथेला १९६८चा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. हा पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतदान करून देतात, म्हणजे ड्रॅगनस्वारांच्या बाबतीत वाचकांचा कौल अगदी पहिल्या कथेपासून सोबत आहे. त्याच वर्षी ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी आली आणि १९७१मध्ये तिचा पुढचा भाग, ‘ड्रॅगनक्वेस्ट’.

खरी अडचण इथेच आहे. ड्रॅगनने माणसाला निवडणं हा या कथांचा प्राण, आणि ते आयुष्यात एकदाच घडतं. पहिल्या भागात वाचक त्या क्षणासाठी श्वास रोखून बसतो. दुसऱ्या भागात नायिकेकडे ड्रॅगन आधीच आहे. मग लेखकाने द्यायचं काय?

मॅकॅफ्री यांनी दिलेलं उत्तर मला अजूनही सर्वांत धीट वाटतं. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका लेसा काळात चारशे वर्षं मागे जाऊन जुन्या काळचे स्वार मदतीला आणते. दुसऱ्या भागात तोच विजय अंगाशी येतो, कारण पाहुण्यांना नव्या काळाशी जमवून घेता येत नाही. शिवाय नातं जुळण्याचा आनंद एकदा दाखवून झाल्यावर त्यांनी ते तुटण्याचं दुःख दाखवलं: ब्रेकी नावाच्या स्वार स्त्रीची ड्रॅगन राणी मरते आणि ब्रेकी मागे उरते. ती पानं वाचताना पहिल्या भागातल्या त्या क्षणाची किंमत नव्याने कळते. आणि शेवटाकडे एक ठेंगणं पांढरं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, नवा स्वार मिळतो, पुढच्या पुस्तकाची वाट मोकळी होते. या सगळ्यात लेसा मात्र बरीच मागे सरते. तिच्यासाठीच पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाची नाराजी मला रास्त वाटते.

पाओलिनी यांनी दुसरी वाट धरली. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं ‘एरॅगॉन’ २००२मध्ये आधी त्यांच्या कुटुंबानेच छापलं. २००३मध्ये मोठ्या प्रकाशकाने ते पुन्हा काढलं. २००५च्या ‘एल्डेस्ट’मध्ये एरॅगॉन आणि त्याची ड्रॅगन सफिरा एल्फांच्या रानात गुरूकडे शिकायला जातात, तर तिकडे त्याचा मामेभाऊ रोरन आख्खं गाव घेऊन जीव वाचवायला निघतो. रोरनकडे ड्रॅगन नाही, जादू नाही, हातात फक्त हातोडा. शिक्षणाची प्रकरणं लांबली, ही तक्रार या पुस्तकाला कायमची चिकटली. आणि रोरनची प्रकरणंच सर्वांत जिवंत आहेत, असं सांगणारेही तितक्याच हिरिरीने बोलतात. मला वाटतं, त्या शिकवणीत स्वार आणि ड्रॅगन दोघांनाही आपापला गुरू मिळतो, ही गोष्ट घाईने वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. नातं जुळल्यानंतर ते निभावायचं कसं, हेच तर तिथे शिकवलं जातं.

नेओमी नोविक यांच्या बाबतीत अमेरिकेत काळाचं गणितच वेगळं होतं. नेपोलियनच्या युद्धांत ड्रॅगनांचं हवाई दल कल्पिणाऱ्या त्यांच्या मालिकेचे पहिले तीन भाग तिथे २००६मध्ये मार्च, एप्रिल आणि मे अशा लागोपाठ महिन्यांत आले. वाचकाला अपेक्षांचे इमले रचायला सवडच मिळाली नाही. दुसऱ्या भागात चीनपर्यंतचा लांब सागरी प्रवास आहे. तो काहींना रेंगाळलेला वाटतो, पण हाती तिसरा भाग असताना अशी नाराजी फार काळ टिकत नाही.

उलट, वाट पाहण्याच्या काळात वाचक मनातल्या मनात स्वतःचा दुसरा भाग लिहून काढतो. ‘फोर्थ विंग’ मे २०२३मध्ये आलं, ‘आयर्न फ्लेम’ सहाच महिन्यांत. तरीही टिकटॉकसारख्या माध्यमांमुळे तेवढ्या अवधीत तर्कांचा डोंगर उभा राहिला होता. एकेकाळी मासिकाला पत्र लिहिलं, तर ते छापून यायला महिने जात. २००७मध्ये गुडरीड्स ही वाचकांच्या अभिप्रायांची वेबसाइट सुरू झाल्यावर पुस्तक मिटताक्षणी तारे देता येऊ लागले. ‘आयर्न फ्लेम’च्या काही प्रतींत छपाईचे दोष निघाले, पानांच्या कडा रंगवलेल्या आवृत्तीची वाट पाहिलेले वाचक हिरमुसले, आणि कथेवरच्या मतांत त्या निराशेचाही रंग मिसळला. ही सरमिसळ वेगळी काढून पाहिली, तर मुख्य आक्षेप एकच उरतो: नायिका व्हायलेट आणि तिचा प्रियकर झेडन यांच्यात लपवाछपवीवरून तेच भांडण फिरून फिरून येतं. तो मला पटतो. टेर्न आणि अँडार्ना या दोन ड्रॅगनांशी व्हायलेटचं नातं पुढे सरकतं तेव्हा पुस्तक उजळतं, आणि माणसांच्या रुसव्याफुगव्यांत ते तिथल्या तिथे घुटमळतं.

वाचकांनी पाठ मात्र फिरवली नाही. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या, ‘ऑनिक्स स्टॉर्म’च्या पहिल्याच आठवड्यात २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यांतल्या कितीतरी प्रती दुसऱ्या भागावर पोटतिडकीने भांडलेल्यांच्याच हातांत गेल्या असणार.