लामालेरा

लामालेरा : पूर्व इंडोनेशियातील लेम्बाता (जुने नाव लोम्ब्लेन) बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील, स्पर्म व्हेल या दात असलेल्या मोठ्या देवमाशाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. पूर्व नुसा तेंगारा प्रांत, लेम्बाता जिल्हा, वुलांदोनी तालुका. सरकारदप्तरी लामालेरा ‘अ’ व ‘ब’ अशी दोन गावे असली, तरी ग्रामस्थ वरचे व खालचे गाव एवढाच भेद मानतात. लेम्बाता १९९९ मध्ये पूर्व फ्लोरेस जिल्ह्यापासून वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे लेवोलेबा हे बेटाच्या विरुद्ध, म्हणजे उत्तर बाजूस आहे. गावामागे लाबालेकांग हा ज्वालामुखी डोंगर, समोर साव्हू समुद्र. जमीन खडकाळ, उताराची व शेतीस जवळजवळ निरुपयोगी. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. भाषा लामाहोलोत (ऑस्ट्रोनेशियन कुल); तिच्या लामालेरा बोलीचा पहिला विस्तृत व्याकरणिक अभ्यास याच गावचे सुपुत्र व इंडोनेशियातील नामवंत भाषातज्ज्ञ गोरिस केराफ (१९३६–९७) यांनी केला.

उगम व प्राचीनता : यासंबंधीचे मुख्य साधन म्हणजे ‘लिया आसा उसू’ ही गेय पूर्वजगाथा. तीनुसार पूर्वज सुलावेसी बेटाहून, जावातील मजापहित साम्राज्याचा महामंत्री गजाह मदा याच्या मोहिमेसोबत निघाले, सेराम-गोरोमकडून लेम्बाता व पांतार यांच्या दरम्यानच्या लेपान-बातान या बेटांवर आले आणि तेथे समुद्र चढून आल्यावर लामालेरास पोहोचले. सुलावेसीतील मूळ ठिकाण काही जण लुवू, तर काही लुवुक असे सांगतात. लुवू हे दक्षिण सुलावेसीतील जुने राज्य व लुवुक हे पूर्वेकडील बंदर असल्याने हा फरक केवळ उच्चाराचा म्हणता येत नाही. गजाह मदाचा मृत्यू १३६४ मध्ये झाला. गाथा शब्दशः घेतल्यास स्थलांतर त्यापूर्वी सुरू झाले असे होईल. परंतु मजापहितशी नाते जोडण्याची हौस पूर्व इंडोनेशियातील अनेक कुळांना आहे, त्यामुळे हा धागा फार ताणू नये.

लेखी आधारांत नागरकृतागम या जुन्या जावानी काव्यातील (१३६५) ‘गलियाओ’चा उल्लेख पुढे केला जातो. ल रू या डच अभ्यासकाने १९२९ मध्ये गलियाओ म्हणजेच लोम्ब्लेन असे प्रतिपादन केले आणि ते बराच काळ प्रमाण मानले गेले. मानवशास्त्रज्ञ आर. एच. बार्न्स यांनी १९८२ मध्ये पोर्तुगीज व डच कागदपत्रे आणि स्थानिक वापर तपासून हे नाव पांतार व त्याच्या परिसराचे असल्याचे दाखवले. हे मत अधिक सयुक्तिक दिसते. ते स्वीकारल्यास चौदाव्या शतकातील लेम्बाताविषयी त्या काव्यातून थेट काही हाती लागत नाही. मॅगेलनच्या मोहिमेतील ‘व्हिक्टोरिया’ जहाज जानेवारी १५२२ मध्ये शेजारच्या आलोर बेटावर थांबले होते व त्या प्रवासाच्या वृत्तान्तात आसपासच्या बेटांची नावे येतात, पण लामालेराचा उल्लेख नाही. लेपान-बातानचा नाश सोळाव्या शतकाच्या आरंभी झाला असावा, असा एक तर्क आहे. कथेतील आपत्ती निव्वळ कल्पित ठरविण्याचे कारण नाही : १८ जुलै १९७९ रोजी याच किनाऱ्यावर, लामालेराच्या पूर्वेस वाईतेबा येथे डोंगरकडा समुद्रात कोसळून उठलेल्या लाटांत शेकडो लोक मृत्युमुखी पडले. मात्र त्यावरून कालनिश्चिती होत नाही.

शिकारीच्या प्राचीनतेबाबत भूमी अधिक भक्कम आहे. सोलोर द्वीपसमूहातील (लेम्बाता याच समूहात मोडते) लोक काटेरी भाल्याने व्हेल मारून तेल काढतात, असे १६२४ च्या एका निनावी पोर्तुगीज लेखात नमूद आहे. सोलोरवर डोमिनिकन पाद्र्यांनी १५६६ च्या सुमारास किल्ला उभारला होता आणि ही मिशन गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभाराच्या कक्षेत होती. ब्रिटिश व अमेरिकन व्हेलशिकारी या पाण्यात आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. तेव्हा ही विद्या त्यांच्याकडून उचलली, हा अधूनमधून आढळणारा समज टिकत नाही.

नौका : ‘तेना’ (इंडोनेशियनमध्ये पलेदांग) ही सुमारे दहा मीटर लांबीची नाव. सांगाड्यावर फळ्या ठोकण्याची पद्धत येथे नाही; आधी फळ्यांचे कवच उभे राहते आणि सांगाडा मागाहून बसतो. फळ्या कडेला कड लावून लाकडी खुंट्यांनी जोडतात. प्रत्येक फळी तासताना तिच्या आतल्या अंगास ठराविक अंतरावर उंचवटे राखून ठेवलेले असतात. त्यांना भोके पाडून बाकदार फासळ्या दोराने आवळून बांधतात. लोखंडी खिळा वापरत नाहीत. परिणामी नाव ताठर न राहता थोडी लवते आणि व्हेलच्या शेपटीचा तडाखा बसला तरी सहसा फुटत नाही. बांधण्या सैल झाल्या की किनाऱ्यावर पुन्हा आवळता येतात. ही रचना आग्नेय आशियात एके काळी दूरवर प्रचलित होती. एड्रियन हॉरिज यांनी तिच्या तौलनिक अभ्यासात लामालेराच्या नावांना महत्त्वाचे स्थान दिले, कारण येथे ती बांधणी जिवंत होती. फळ्यांची संख्या व मांडणी ठरलेली असून आराखडा कागदावर नसतो. तो ‘आतामोला’ म्हणजे नावा बांधणाऱ्या कारागिराच्या डोक्यात असतो. सर्व नावांचा आदर्श म्हणून ‘केबाको पुका’ या पूर्वजांच्या नावेचा निर्देश करतात. दुपायी डोलकाठी व ताडवर्गीय गेबांग झाडाच्या पानांचे विणलेले चौकोनी शीड ही आणखी वैशिष्ट्ये.

शिकार : मुख्य हंगामास ‘लेफा’ म्हणतात. एरवी व्हेल दिसल्यास ‘बालेओ!’ ही आरोळी घरोघर फिरते व हातातले काम टाकून माणसे नावेकडे धावतात. भालाईत (लामाफा) नाळेपुढे काढलेल्या बांबूच्या फळीवर उभा असतो. तो भाला फेकत नाही : लांब बांबूच्या टोकाला लोखंडी काटा बसवलेला असतो, तो दोन्ही हातांनी धरून भालाईत व्हेलच्या पाठीवर उडी घेतो, अंगाचे सारे वजन काट्यावर टाकतो आणि पोहत नावेकडे परततो. काट्याला बांधलेल्या दोराची वळी धावू लागली की हातपाय त्यात अडकण्याचा धोका सर्वांत मोठा. जखमी व्हेल नाव ओढत नेतो. १९९४ मध्ये अशाच प्रसंगी नावा तिमोरच्या दिशेने दूरवर ओढल्या गेल्या व माणसे कशीबशी वाचली. स्पर्म व्हेलखेरीज डॉल्फिन, मांटा (एक मोठा चपटा मासा) व शार्क धरतात. दात नसलेल्या मोठ्या देवमाशांना, त्यांत निळा देवमासाही आला, हात लावत नाहीत. पूर्वजांवरील उपकाराच्या कथा त्यामागे सांगतात.

वाटणी हा गावच्या समाजरचनेचा कणा होय. बाहेरचे लेखक शिकारीच्या थरारावर थांबतात, हे खेदाने नोंदवावे लागते. नाव व्यक्तीची नसते, कुळाची असते. नावेचा व्यवस्थापक, भालाईत, वल्हेकरी, आतामोला, लोहार, शीड विणणारे आणि ‘उमा’ नावाचे वंशपरंपरागत हिस्से असलेली घराणी, यांपैकी प्रत्येकाचा वाटा म्हणजे प्राण्याच्या अंगाचा ठराविक भाग. नंतर आलेल्या कुळांआधी येथे असलेल्या भूस्वामी घराण्यांना डोक्याचा हिस्सा जातो. मायकेल अल्व्हार्ड व डेव्हिड नोलिन या मानवशास्त्रज्ञांनी १९९९ च्या हंगामात केलेल्या पाहणीतून, नावेवरील माणसे जवळच्या रक्तसंबंधापेक्षा कुळाच्या नात्याने एकत्र येतात असे दिसून आले. पंधरा लहान समाजांत घेतलेल्या पैसे वाटण्याच्या एका प्रयोगात लामालेरेकरांनी समोरच्याला सरासरी निम्म्याहून अधिक रक्कम देऊ केली. हे प्रमाण त्या सर्व समाजांत सर्वाधिक होते. शिकार हाती लागली नाही, तर कुळात मिटवायचे राहिलेले भांडण शोधले जाते.

अन्न व विनिमय : मांसाच्या पट्ट्या अंगणात बांबूवर वाळत घालतात व खाली ठिबकणारे तेल भांड्यात धरतात. मका, केळी, कंद मिळतात ते डोंगरावरच्या गावांकडून. बायका वाळके मांस, मासे, मीठ व चुना डोक्यावर घेऊन चढण चढतात किंवा वुलांदोनीच्या शनिवारच्या बाजारात बसतात. मोजमाप ‘मुंगा’ हे सहा नगांचे. सौदा पैशावाचून होतो. ‘जागुंग तिती’ हा येथील नित्याचा पदार्थ : मातीच्या भांड्यात भाजलेले मक्याचे दाणे हाताने उचलून, गरम असतानाच दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने एका फटक्यात चपटे करतात. दिसायला आपल्या मक्याच्या पोह्यांसारखे, पण जाडसर व कडक. समुद्रावर जाताना शिदोरी म्हणून नेतात.

विवाह व वस्त्रे : तीन प्रमुख कुळांना मिळून ‘लिका तेलो’, म्हणजे चुलीचे तीन दगड, म्हणतात. मुली एका कुळातून दुसऱ्यात ठरलेल्या दिशेनेच दिल्या जातात. जेथून मुलगी आणली तेथे मुलगी देत नाहीत. वधूमूल्य हस्तिदंताचे, परतभेट बांधणीच्या सुतावर विणलेल्या वस्त्राची. बेटावर हत्ती नाही; दात व्यापारातून आले. तीन पट जोडून केलेल्या मानाच्या वस्त्रांवर गुजरातच्या पटोळ्यांची नक्षी ओळखू येते. तेव्हा ‘दुर्गम’ हे विशेषण या गावाला जपून लावावे.

धर्म : कॅथलिक. पहिले बाप्तिस्मे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्थिर मिशन १९२० पासून. मे महिन्याच्या आरंभी किनाऱ्यावरील प्रार्थनास्थळी हंगामाची मिस्सा होते. भूस्वामींचे जुने विधीही चालू आहेत.

आधुनिक बदल : १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नॉर्वेजियन व्हेलशिकारी आणून आधुनिकीकरणाचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. पुढे तरंगती जाळी व बोटीमागे लावायची मोटार आली. मोटारबोटीने तेनाला व्हेलपर्यंत ओढत नेणे आता रूढ आहे. शीड क्वचितच चढते. इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय व्हेलशिकार आयोगाचा सदस्य नसल्याने आयोगाचे निर्बंध थेट लागू नाहीत, मात्र देशाच्या कायद्याने व्हेल संरक्षित आहेत व लामालेराची शिकार परंपरा म्हणून चालू दिली जाते. साव्हू समुद्रातील राष्ट्रीय सागरी उद्यानाची घोषणा २००९ मध्ये झाली, तेव्हा गावकऱ्यांच्या विरोधामुळे लेम्बाताचे पाणी त्यातून वगळण्यात आले. मांटाला २०१४ मध्ये देशभर पूर्ण संरक्षण मिळाले. व्हेल न मिळाल्यास मांटावर भागवणाऱ्या घरांना त्याची झळ अधिक लागते. मिशनशाळांमुळे शिक्षण लवकर पोहोचले व अनेक जण शिक्षक, पाद्री, सरकारी नोकर होऊन कुपांग, जकार्ता येथे स्थायिक झाले. वाळवलेल्या मांसाचा त्यांचा वाटा बोटीने त्यांच्याकडे रवाना होतो.