एकजूट आणि दिलजमाई

मिरजेत ईदची नमाज संपली की माणसे एकमेकांना गळामिठी घालतात आणि पाहणाऱ्याला वाटते, सारा समाज एकदिलाने उभा आहे. त्याच दुपारी शिरखुर्म्याचे वाडगे कोणत्या घरातून कोठे पोहोचले आणि कोणते दार टाळून पुढे गेले, हे पाहिले तर मात्र निराळेच काही कळते. मैदानावर दिसते ती एकजूट, आणि दिलजमाई झाली आहे की नाही ते त्या वाडग्याच्या वाटेवरून समजते. हे दोन्ही शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. निवडणुकीच्या तोंडावर दोन पुढाऱ्यांनी व्यासपीठावर हातात हात घालून ते उंचावले की वर्तमानपत्रेही त्याला ‘दिलजमाई’ म्हणून मोकळी होतात.

एकजूट बहुधा बाहेरच्या कारणाने होते, म्हणजे मोर्चा असतो, निवडणूक असते किंवा कृष्णेला महापूर आलेला असतो. ती हाक देऊन घडवता येते, तिची डोकी मोजता येतात, आणि संकटात ती फार उपयोगीही पडते. मात्र कारण सरले की पाण्याबरोबर तीही ओसरते. कुरआनच्या ५९व्या सूरेतील (अध्यायातील) १४व्या आयतीत (वचनात) मदीनेतील विरोधकांविषयी म्हटले आहे की, तुम्हाला ते एकत्र वाटतात, पण त्यांची मने विखुरलेली आहेत. ही आयत आपण नेहमी दुसऱ्यांविषयी वाचतो. कधी आपल्याच जमातीकडे पाहून वाचावी, असे मला वाटते.

याउलट ८व्या सूरेतील ६३वी आयत सांगते की, पृथ्वीवरचे सर्व धन खर्च करूनही पैगंबरांना ही मने जोडता आली नसती. ती अल्लाहने जोडली. औस आणि खझरज या मदीनेच्या दोन टोळ्यांमध्ये हिजरतीच्या, म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदीनेस झालेल्या स्थलांतराच्या, काही वर्षेच आधी बुआसची लढाई झाली होती, आणि ते वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. ६२२ साली हिजरत झाल्यावर पैगंबरांनी मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदीनेचे अन्सार यांच्यात भाऊबंदी जुळवली, ती एकेका माणसाची एकेका माणसाशी. साद बिन रबीअ यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी आशीर्वाद देऊन एवढेच विचारले की, बाजार कोठे आहे? पुढे लोणी आणि चीज विकून ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. एकाने हात आखडला नाही आणि दुसऱ्याने त्याचा गैरफायदा घेतला नाही, म्हणून तो संबंध टिकला. दिलजमाई अशी दोघादोघांत होते. ठराव करून ती आणता येत नाही.

दुसरी गल्लत मतभेदांबाबत होते. एकजूट मागणाऱ्याला सगळे एकसारखे हवे असतात; तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची नमाज, ८ रकात (आवर्तने) की २० यावरूनही मग मशिदी वेगळ्या होतात. बनू कुरैझा या मदीनेतील ज्यू टोळीच्या वस्तीत पोहोचूनच असरची (दुपारनंतरची) नमाज पढा, असे पैगंबरांनी सांगितले असता काहींनी वाटेतच वेळेवर नमाज पढली आणि काहींनी शब्दाला धरून ती तेथे पोहोचल्यावर पढली. पैगंबरांनी दोघांपैकी कोणालाही दोष दिला नाही. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या कारखान्यात बसलेल्याला हे सहज पटेल, कारण चारही तारा एकाच स्वरात लावल्या तर तो तंबोरा राहत नाही.

खरे सांगायचे तर आपल्याकडील अबोल्याचे मूळ अकीद्यात (धर्मश्रद्धेत) क्वचितच असते. बहिणीला न दिलेला वाटा, सामाईक भिंत, मशिदीच्या जमाखर्चाचा न दाखवलेला हिशेब, बागवानाच्या मुलाला शिकलगाराची मुलगी न देण्याचा हट्ट, हीच खरी कारणे असतात. यावर ऐक्याचे भाषण चालत नाही. वाटा द्यावा लागतो आणि हिशेब फलकावर लावावा लागतो. पाठीमागे बोलणे थांबवणे या सगळ्याहून अवघड असते, आणि सूरा हुजुरातमध्ये भावंडांत समेट घडवण्याच्या आज्ञेपाठोपाठ टिंगल, संशय आणि निंदा यांना मनाई येते.

हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणे वैध नाही आणि जो आधी सलाम करतो तो दोघांत श्रेष्ठ. दोघांत समेट घडवण्यासाठी इकडचे बरे शब्द तिकडे पोहोचवणाऱ्याला खोटारडा मानलेले नाही, एवढी मोकळीक मध्यस्थाला आहे. म्हणून मोहल्ल्यातला जाणता माणूस दोन्ही घरी वेगवेगळा चहा पितो आणि भिंतीचा विषय पहिल्या दिवशी काढतच नाही. सलाम सुरू झाला तरी भिंतीचा दावा सांगलीच्या कोर्टात चालू राहू शकतो. फक्त तारखेला दोघे मिरजेहून एकाच रिक्षाने जातात.